डिलिव्हरी करणारा ‘पार्टनर’ की कामगार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲपवर जेवण, किराणा किंवा पार्सल पोहोचवणारे रायडर, त्यांच्या घरचे आणि छोटे हॉटेलवाले जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्याला धरून आहेत. शेवटचा प्रश्न तेवढा परदेशी गेलेल्या मुलांचा आहे. एका प्रश्नात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲप मला ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणतं. मग मी कंपनीचा नोकर आहे की नाही?

ॲपशी थेट करार असेल तर आजच्या घडीला कागदावर तुम्ही नोकर नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये तुमच्यासाठी वेगळा खण केला आहे: गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार. नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर राहून काम करणारा आणि त्यातून कमावणारा, अशी त्याची व्याख्या आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

म्हणजे खण आता तीन आहेत. पहिला नोकर, दुसरा स्वतःचा धंदा करणारा स्वतंत्र कंत्राटदार आणि तिसरा हा मधला. मधल्या खणातल्याला सामाजिक सुरक्षा मिळू शकते, पण नोकराचे सगळे हक्क मिळत नाहीत. ‘आता गिग कामगारांना कायद्याने कर्मचारी केलं’ असे मेसेज फिरतात, ते चूक आहेत.

डिलिव्हरी करणारा प्रत्येक जण मात्र या मधल्या खणात बसत नाही. कंत्राटदार एजन्सीच्या पगारावर असाल तर प्रश्न १० आणि हॉटेलात कामाला असाल तर प्रश्न ११ आधी वाचा.

२. नोकर ठरलो तर असं काय जास्त मिळतं?

बरंच काही. किमान वेतन, जादा तासांना दुप्पट दर, भरपगारी रजा, ८.३३ टक्क्यांपासून सुरू होणारा बोनस आणि पाच वर्षांनंतर दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची ग्रॅच्युइटी. आस्थापनेत २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ, १० किंवा जास्त असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल तर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा). काम सुटलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब हातात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कारण न देता, चौकशी न करता काढून टाकता येत नाही.

प्लॅटफॉर्म कामगाराला यातलं काहीच आपोआप लागू होत नाही. पाऊस पडला, ऑर्डर आल्या नाहीत, रेस्टॉरंटने अर्धा तास लटकवलं, तर तो तोटा रायडरचा. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, मोबाइलचा डेटा हेही त्याच्याच खिशातून.

३. करारात स्पष्ट लिहिलंय की ‘मालक-नोकर संबंध नाही’. मी ‘सहमत’ दाबलं. विषय संपला का?

नाही. कराराला नाव काय दिलं यापेक्षा काम प्रत्यक्षात कसं चालतं हे न्यायालयं पाहतात, आणि हे आजचं नाही. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात (१९५७) मिठागरांवरच्या अगरियांना सर्वोच्च न्यायालयाने कामगार ठरवलं. त्यांना मजुरी मिठाच्या मापावर मिळे, हंगामापुरतं काम असे आणि ते स्वतःचे मदतनीसही लावत. तरीही काम कसं करायचं यावर मालकाचा अधिकार होता, हे निर्णायक ठरलं.

पुढे निकष वाढत गेले. बलवंत राय सलुजा खटल्यात (२०१४) न्यायालयाने मांडलेली यादी रायडरने आपल्या कामाला लावून पाहावी: नेमणूक कोण करतं, पैसे कोण देतं, काढून कोण टाकू शकतं, शिस्तीची कारवाई कोण करतं, कामात सातत्य आहे का, आणि देखरेख व नियंत्रण कितपत आहे. एका मुद्द्यावर निकाल लागत नाही, सगळे एकत्र तोलले जातात.

तरी एक खबरदारी. सर्वोच्च न्यायालयाने ॲपच्या रायडरला नोकर ठरवणारा निकाल दिलेला नाही. ॲपवर चालणाऱ्या वाहतूक कामगारांच्या महासंघाने २०२१ मध्ये तिथे याचिका केली, तिची मागणी सामाजिक सुरक्षेची आहे. तेव्हा ‘कोर्टात गेलो की नोकर ठरलोच’ असं कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला फी भरायला लावतोय.

४. पण मी हवं तेव्हा लॉगिन करतो, हवं तेव्हा बंद करतो. मग मी नोकर कसा ठरेन?

कंपन्यांचा सगळा भर याच मुद्द्यावर असतो, आणि तो पोकळ नाही. पण ‘हवं तेव्हा ये, हवं तेव्हा जा’ ही भानगड ॲपने आणलेली नाही. विडी कारखान्यांनी ती साठ वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात नेली होती, आणि तिथे तिची दोन्ही उत्तरं मिळाली.

नागपूरच्या बिर्धीचंद शर्मा खटल्यात (१९६१) विडी वळणारे कारखान्यात कधी यायचं, कधी जायचं हे बऱ्याच अंशी स्वतः ठरवत. मजुरी नगावर. कारखान्याचं म्हणणं होतं की हे स्वतंत्र कारागीर. न्यायालयाने पाहिलं की दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नाही, सलग आठ दिवस न येणाऱ्याला काढता येतं आणि मापात न बसणारी विडी मालक बाद करतो. निकाल लागला की हे कामगार आहेत, त्यांना भरपगारी रजा मिळेल.

वर्षभरातच शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६२) हा खटला आला. धंदा विडीचाच, पण इथे येण्याजाण्यावर, रजेवर, किती विड्या वळायच्या यावर कसलंच बंधन सिद्ध झालं नाही. बहुमताने निकाल उलटा गेला आणि तो माणूस कारखाना कायद्याखाली कामगार ठरला नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून आपला आठवडा तपासा. लॉगिनची मोकळीक कागदावर सगळ्यांना असते. पण शुक्रवार ते रविवार रात्रीचे स्लॉट न घेतल्यास साप्ताहिक इन्सेंटिव्ह जातो का? लागोपाठ ऑर्डर नाकारल्या तर रेटिंग घसरतं का, पुढच्या आठवड्यात चांगले स्लॉट दिसेनासे होतात का? बरेच दिवस लॉगिन नसेल तर आयडी बंद पडतो का? उत्तरं ‘हो’ असतील तर तुमची बाजू नागपूरच्या विडीवाल्यांजवळ जाते. खरोखरच महिनाभर गायब राहून परत आलात आणि काहीच फरक पडला नाही, तर ती वाजे खटल्याकडे झुकते.

दोन-तीन ॲप एकदम चालवणाऱ्यांसाठी सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस (१९७३) हा निकाल कामाचा आहे. नगावर शिवणारे शिंपी दुसऱ्या दुकानाचंही काम घेऊ शकतात, एवढ्यावरून ते नोकर नाहीत असं होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. मात्र तिथे शिलाई यंत्रं दुकानदाराची होती. रायडरची गाडी त्याची स्वतःची असते, आणि कंपनीचे वकील नेमकं तेच पुढे करतात.

विडीचा गोंधळ शेवटी कोर्टाने मिटवला नाही. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार म्हटलं आणि वाद संपवला. डिलिव्हरीच्या बाबतीत संसदेने तसं केलं नाही, तिसरा खण काढला. आमच्या मते पुढची काही वर्षं भांडण याच खणाच्या भिंतींवरून चालेल.

५. उद्या वाद झालाच तर ‘नियंत्रण’ सिद्ध करायला काय जपून ठेवायचं?

आयडी बंद झाला की ॲप उघडतच नाही आणि आतलं सगळं जातं. म्हणून वाद नसतानाच गोळा करा. सही केलेला किंवा ‘सहमत’ दाबलेला करार आणि त्यातले नंतरचे बदल, दर आठवड्याचं पेआउट स्टेटमेंट, स्लॉट आणि इन्सेंटिव्हच्या अटींचे स्क्रीनशॉट, ऑर्डर नाकारल्यावर आलेले इशारे, गणवेश किंवा बॅगेबद्दलच्या दंडाच्या नोंदी. टीम लीडरचे व्हॉट्सॲप ग्रुपवरचे हुकूम सगळ्यांत मोलाचे. ‘आज पाऊस आहे, कुणी लॉगआउट करायचं नाही’ हा एक मेसेज करारातल्या दहा कलमांना भारी पडू शकतो. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्या आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण फोन हरवतो.

पेआउटची एकेक ओळ वाचायची सवय ठेवा: ऑर्डरचे मूळ पैसे, अंतराचे, थांबण्याचे, पावसाचे जादा, टिप, रोख रकमेची वजावट, टीडीएस (आधीच कापलेला आयकर). रोखीने घेतलेल्या ऑर्डरची रक्कम वेळेत भरली नाही की ती पेआउटमधून कापली जाते, आणि मग ‘कंपनीने पैसे खाल्ले’ अशी तक्रार येते. अशा बऱ्याच तक्रारींत प्रत्यक्षात न भरलेली रोकड निघते.

६. नव्या संहितेत रायडरसाठी नेमकं काय आहे?

आयुर्विमा आणि अपंगत्वाचं संरक्षण, अपघात विमा, आरोग्य आणि बाळंतपणाचे लाभ, वृद्धापकाळाचं संरक्षण, पाळणाघर अशा योजना सरकारने आखाव्यात अशी तरतूद आहे. योजना अधिसूचित होईल तसतसा लाभ सुरू होईल, संहिता लागू झाली म्हणून दुसऱ्या दिवशी खात्यात काही येत नाही. यासाठी ॲप कंपन्यांनी वर्गणी द्यायची आहे (प्रश्न ७). अन्न व किराणा पोहोचवणाऱ्या, मालवाहतूक करणाऱ्या, प्रवासी वाहतुकीच्या आणि ऑनलाइन बाजाराच्या कंपन्या हे प्रकार संहितेच्या सातव्या अनुसूचीत नावानिशी आहेत.

किमान वेतन आणि कामाचे तास यात नाहीत.

७. ती १-२ टक्के वर्गणी माझ्या पेआउटमधून कापणार का?

ती कंपनीची वर्गणी आहे. कंपनीच्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. समजा उलाढाल १,००० कोटी आहे आणि कामगारांना ३०० कोटी दिले. २ टक्क्यांनी २० कोटी होतात, पण ३०० कोटींचे ५ टक्के म्हणजे १५ कोटी. तेव्हा १५ कोटींवरच थांबायचं.

एखाद्या योजनेत लाभार्थ्याचीही वर्गणी ठेवण्याची मुभा संहितेत आहे. त्यामुळे पेआउटमध्ये ‘कल्याण’ किंवा ‘सुरक्षा’ अशी नवी वजावट दिसली तर गप्प बसू नका. ती कोणत्या योजनेची, हे ईमेलने लेखी विचारा.

८. ‘९० दिवस’ भरले पाहिजेत म्हणतात ते काय?

केंद्राने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस मसुदा नियम प्रसिद्ध केले, त्यातली लाभ मिळण्यासाठीची ही अट आहे. मागच्या आर्थिक वर्षात एका ॲपवर किमान ९० दिवस, किंवा अनेक ॲपवर मिळून १२० दिवस काम झालेलं असावं. ज्या दिवशी काहीही कमाई झाली तो एक दिवस. मसुद्याप्रमाणे एकाच तारखेला तीन ॲपवर कमावलंत तर ते तीन दिवस धरतात. दावा करताना मात्र मसुद्याचा नव्हे, अंतिम राजपत्रातला आकडा पाहायचा.

फक्त दिवाळी आणि सुट्टीत गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्याला ही अट जड जाईल.

९. ई-श्रमवर नोंदणी कशी करायची? माझी दोनदा अडकली.

ई-श्रम ही असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी. वय १६ पूर्ण हवं. ई-श्रमच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन प्लॅटफॉर्म कामगारांचा पर्याय निवडा, आधार क्रमांक टाका, आलेला ओटीपी भरा, पत्ता, शिक्षण, बँक खातं आणि कोणत्या ॲपवर काम करता ते नोंदवा. शेवटी १२ अंकी क्रमांक आणि कार्ड मिळतं. फी नाही. मदतीचा क्रमांक १४४३४.

अडकण्याची कारणं ठरलेली आहेत. आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना असतो आणि ओटीपी गावाकडच्या सिमवर जातो. तो आधी आधार केंद्रात बदलून घ्या. ॲपवर ‘सचिन’ आणि आधारवर ‘सचिन ज्ञानदेव’ असं असलं की पडताळणी लटकते. ॲपवरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. तिसरं म्हणजे पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) आणि ई-श्रमचा यूएएन. दोन्ही १२ अंकी, दोन्ही यूएएन, पण एकमेकांशी संबंध नाही. पीएफचा क्रमांक इथे टाकून चालत नाही.

आयुष्मान योजनेतून गिग कामगारांना उपचार देण्याची घोषणा फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली, तीही याच नोंदणीला जोडलेली आहे. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात.

१०. मी ऑनलाइन कंपनीची पार्सलं टाकतो, पण पगार दुसऱ्याच एजन्सीकडून येतो. मी कोण?

बहुधा नोकर, पण एजन्सीचा. महिन्याचा ठरलेला पगार, हजेरी, ठरलेली शिफ्ट, पगारपत्रक हे सगळं असेल तर तुम्ही कंत्राटी कामगार आहात आणि प्रश्न २ मधले हक्क तुम्हाला लागू होतात. एजन्सीने वेतन बुडवलं तर ते देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ कंपनीवर येते.

यातली नेहमीची लबाडी अशी: पगारपत्रकावर पीएफ कापलेला दिसतो आणि तो भरलेलाच नसतो. पीएफचं पासबुक ऑनलाइन उघडा आणि दर महिन्याची नोंद जुळवा. दुसरी लबाडी म्हणजे तेच काम, तोच हब, तोच सुपरवायझर ठेवून पुढच्या वर्षी ‘आता तुम्ही व्हेंडर’ म्हणून सही घ्यायची. कामात काहीच बदललं नसेल तर ती सही प्रश्न ३ च्या कसोटीवर टिकणं अवघड आहे.

११. आमच्या हॉटेलात दोन पोरं पार्सल पोहोचवतात. रोख देतो, कागद काही नाही. ती ‘फ्रीलान्स’ धरता येतील का?

नाही. तुम्ही वेळ सांगता, कुठे जायचं ते सांगता, पगार देता, ग्राहक तुमचा. ती तुमची नोकर आहेत. कागद नसल्याने त्यांचं नव्हे, तुमचं नुकसान होतं, कारण वाद झाला की दिलेले पैसे दाखवायला तुमच्याकडे काही नसतं. नेमणूकपत्र द्या, पगार बँकेत टाका, हजेरी ठेवा. पोहोचवताना अपघात झाला आणि त्याला ईएसआयसी नसेल तर भरपाई थेट तुमच्या अंगावर येते. गाडी हॉटेलच्या नावावर असेल तर तिचा विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना रोज नाही तरी महिन्याला एकदा तपासा.

१२. मग मुंबईचे डबेवाले कुणाचे नोकर?

कुणाचेच नाहीत. ते मुकादमाच्या गटात काम करतात, गटाची कमाई सभासदांत वाटली जाते, ग्राहक त्यांचा स्वतःचा असतो आणि दर तेच ठरवतात. स्वतंत्र व्यावसायिक असे असतात. ॲपच्या रायडरला ग्राहकाचा खरा नंबरही सहसा दिसत नाही आणि डिलिव्हरीचा दर तर त्याला विचारून ठरतच नाही.

१३. ऑर्डर घेऊन जाताना अपघात झाला. पैसे कुणाकडून आणि कसे मिळतात?

सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं, आणि बऱ्याचदा ते पहिल्या दोन दिवसांतल्या हलगर्जीने होतं.

आधी उपचार. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून ७ दिवस, १.५ लाख रुपयांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयात. पोलिसांत नोंद करा आणि ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, कारण पुढचा प्रत्येक दावा त्या नोंदीवर उभा राहतो.

त्यानंतर ॲपचा गट विमा. तो सहसा लॉगिन असताना किंवा ऑर्डर हातात असतानाच लागू होतो. घरी परतताना लॉगआउट करून निघालात तर दावा अडतो. अपघात झाल्यावर ॲपमधली ऑर्डर ‘रद्द’ दाबण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. घाबरून ऑर्डर रद्द करणारे आणि मग ‘काम चालू नव्हतं’ हे उत्तर ऐकणारे रायडर कमी नाहीत. आपला विमा कोणत्या कंपनीचा आणि पॉलिसी क्रमांक काय, हे आजच ॲपमध्ये शोधून घरच्यांना पाठवा.

समोरच्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. धडक देऊन गाडी पळाली तर सरकारी योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५०,००० रुपये आहेत.

स्वतःच्या गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकालाच मिळतो. मित्राची गाडी चालवत असाल तर त्यातून तुम्हाला काही मिळत नाही. खासगी वापराची पॉलिसी घेऊन डिलिव्हरी केली तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. पॉलिसीवरचा ‘वापराची मर्यादा’ हा मजकूर वाचा आणि एजंटला लेखी विचारा.

भाड्याची छोटी ई-बाईक चालवणाऱ्यांनी आणखी जपून राहावं. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला नोंदणी आणि परवाना लागत नाही. म्हणून तिचा विमाही बहुधा नसतो, आणि कुणाला धडक बसली तर भरपाई थेट रायडरवर येते.

नोकर असाल (प्रश्न १० व ११) तर ईएसआयसी किंवा मालकाकडून कर्मचारी भरपाई मिळते. कामावर येता-जातानाचा अपघातही नव्या संहितेत त्यात धरला जातो, तो कामाशी जोडता आला पाहिजे.

१४. कारण न सांगता आयडी ब्लॉक केला. कुठे जायचं?

आधी ॲपमध्ये तक्रार टाका, तिचा क्रमांक घ्या आणि तीच तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ईमेलमध्ये ब्लॉक झाल्याची तारीख-वेळ, शेवटच्या ऑर्डरचा क्रमांक, अडकलेली रक्कम आणि दोन मागण्या लिहा: कारण लेखी द्या, पैसे सोडा. या दोन मागण्या वेगळ्या ठेवा. आयडी परत मिळेल किंवा मिळणार नाही, पण झालेल्या कामाचे पैसे करारानुसार देणं आहेच, त्यासाठी नोकर असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस. पैसे मागण्याची ती सर्वांत स्वस्त वाट.

कामगार खात्याकडे जायचं असेल तर जिल्ह्याचं सहायक कामगार आयुक्त कार्यालय, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. तिथे पहिला प्रश्न ‘तुम्ही कामगार आहात का?’ हाच येतो, तेव्हा प्रश्न ५ मधली फाइल घेऊन जा. एजन्सीच्या पगारावर असाल तर हा अडसर नाही: समेटासाठी अर्ज करा आणि ४५ दिवसांत मार्ग निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. काढून टाकल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हायला हवं.

१५. टीडीएस कापतात. रिटर्न भरायचं का? जीएसटी?

ॲपवरची कमाई ही पगार नसून धंद्याचं उत्पन्न धरली जाते. कंपनी सहसा कंत्राटदाराच्या दराने १ टक्का कापते. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट तुम्हाला नाही.

दुचाकीवाल्याला अंदाजित उत्पन्नाची सोपी पद्धत घेता येते: बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवायचा, वह्या ठेवायची गरज नाही. वर्षाला ३,६०,००० मिळाले तर ६ टक्के म्हणजे २१,६००. दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य, आणि कापलेले ३,६०० परत. त्यासाठी आयटीआर-४ भरावा लागतो. न भरल्याने असे पैसे दरवर्षी वाया जातात. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवा. गृहकर्ज किंवा गाडीचं कर्ज काढायचं असेल तेव्हा किमान आकडा दाखवलेलं रिटर्न नडतं. टेम्पो किंवा मालवाहू तीनचाकीवाल्यांना ही पद्धत नाही, त्यांना दर गाडीमागे महिन्याला ठरलेल्या रकमेची वेगळी पद्धत आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे जुने कलम क्रमांक फॉर्मवर शोधत बसू नका.

जीएसटीसाठी सेवेची मर्यादा वर्षाला २० लाख. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ॲपवरच्या स्थानिक डिलिव्हरीचा जीएसटी भरण्याची जबाबदारी ॲपवर आहे. रायडरकडून जीएसटीच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

१६. दिवसा नोकरी, संध्याकाळी डिलिव्हरी. चालतं का?

संहितेची हरकत नाही. दिवसाच्या नोकरीत तुम्ही नोकर, संध्याकाळी प्लॅटफॉर्म कामगार. अडचण आली तर नोकरीच्या नेमणूकपत्रातून येते, तिथे दुसऱ्या कामाला मनाई आहे का ते पाहा. सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय असं काम करता येत नाही. आयकरात पगार आणि धंदा दोन्ही दाखवायचे.

१७. माझे कागद अपुरे होते म्हणून भावाच्या आयडीवर चालवतो. काही होतं का?

रोजचं काम चालतं, आणि अपघात झाला की सगळं एकदम कोसळतं. गट विमा भावाच्या नावावर, दिवसांची नोंद (प्रश्न ८) भावाच्या नावावर, उत्पन्न आणि कर भावाच्या पॅनवर. ग्राहकाशी भांडण होऊन पोलीस आले तर तेही आधी भावाच्या दारात. चेहरा पडताळणीत पकडलं गेलं की दोघांचाही मार्ग बंद होतो. कागद पूर्ण करून स्वतःचा आयडी काढण्याला पर्याय नाही.

१८. मी महिला रायडर आहे. टीम लीडर त्रास देतो. मी ‘नोकर’ नाही म्हणून तक्रार घेत नाहीत.

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध कायदा २०१३ मधली कर्मचाऱ्याची व्याख्या कामगार कायद्यांपेक्षा बरीच रुंद आहे: कायम, तात्पुरती, कंत्राटी, मानधनावरची, विनामोबदला, कुठल्याही नावाने काम करणारी. कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. समिती घेत नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याच कायद्यापुरतं टॅक्सी ॲपच्या चालकाला कर्मचारी धरलं होतं. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. ग्राहकाने त्रास दिला असेल तर पोलिसांची वाट वेगळी आणि लगेचची आहे.

१९. इतर राज्यांत कायदे झाले म्हणतात. महाराष्ट्राचं काय?

राजस्थानने २०२३ मध्ये पहिला कायदा केला. कर्नाटकने २०२५ मध्ये केला: प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क, आणि काम थांबवण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीस. बेळगाव-निपाणीकडच्या रायडरना तो लागू आहे, सीमेच्या अलीकडे कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातल्या रायडरने आज केंद्राच्या संहितेवर हिशेब धरावा.

गंमत अशी की या कायद्यांच्या मुळाशी असलेली कल्पना महाराष्ट्राची आहे. माथाडी, हमाल कामगारांना एक मालक नव्हता, आज या गाळ्यात तर उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार आणि व्यापारी दोघांनी मंडळात नोंद करायची, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरचा जादा आकार) मंडळात भरायची, मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार पाहायचे. मालक कोण हा प्रश्नच बाजूला पडतो. ॲपवर तर प्रत्येक ऑर्डरची नोंद आधीच असते, लेव्ही मोजायला हमालीपेक्षा सोपं.

२०. आम्हाला युनियन काढता येते का?

येते. औद्योगिक संबंध संहितेत युनियनच्या प्रकरणापुरती ‘कामगार’ ही व्याख्या मोठी केली आहे आणि तिच्यात असंघटित क्षेत्रातला स्वयंरोजगार करणाराही येतो. नोंदणी अर्जाला किमान सात सभासद लागतात, आणि एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १०० यांतला कमी आकडा सभासद असावा लागतो. युनियन नोंदवली म्हणजे कंपनीला वाटाघाटीला बसावंच लागतं, असं मात्र नाही.

२१. मुलगा लंडनला शिकतो. आठवड्याला २० तासांच्या आत जेवणाची डिलिव्हरी केली तर चालेल ना?

नाही, आणि हे वेळेवर कळलं नाही तर व्हिसा जातो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येते, स्वयंरोजगार करता येत नाही, मग तास कितीही कमी असोत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक २०२१ मध्ये ‘वर्कर’ (नोकर आणि स्वयंरोजगारी यांच्या मधला दर्जा) ठरवले, पण डिलिव्हरू या जेवण पोहोचवणाऱ्या ॲपचे रायडर २०२३ मध्ये नोकरीच्या नात्याबाहेर राहिले, कारण ते आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत होते. म्हणजे तिथे जेवण पोहोचवणारा बहुधा स्वयंरोजगारी आणि विद्यार्थ्याला ते निषिद्ध. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेतलं तर गुन्हा दुप्पट. रेस्टॉरंटच्या पगारावर, पगारपत्रकासह डिलिव्हरी करणं २० तासांच्या आत चालतं. शिक्षण संपून पदवीधर व्हिसा मिळाला की स्वयंरोजगारालाही मुभा आहे.